समाधानाची पावती

रास्ता पेठेतल्या एका जुन्या इमारतीचा तिसरा मजला. लिफ्ट नाही. जिना लाकडी, आणि कठडा असा की आधाराला हात लावावा तर तोच आपल्या आधाराने उभा असल्यासारखा हलतो. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला, घेऊन आम्ही चौघं वर गेलो होतो: पाळकसाहेब, मंडळीतले (म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांतले) एक वडीलधारे, महिला मंडळाच्या सेक्रेटरी आणि मी. आजी 83 वर्षांच्या. खिडकीशी कॉट, उशाशी ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकाची दोरे सुटलेली प्रत आणि तिच्यावर चष्मा.

“कशा आहात आजी?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“देवाची कृपा आहे. काही कमी नाही.”

भाकर मोडली गेली, प्याला दिला गेला. मग पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि त्यात आजींच्या समाधानाबद्दल प्रभूचे मनापासून आभार मानले. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझे उघडे. 34 वर्षं नर्सिंग केल्यावर ही खोड जात नाही. आजींची पावलं सुजली होती. निघताना पाय धरण्याच्या निमित्ताने मी घोट्यावर बोट दाबलं, तर खळगा पडला आणि तसाच राहिला. खोदून विचारल्यावर कळलं, लघवीची गोळी त्यांनी स्वतःच बंद केली होती. संडास गॅलरीच्या टोकाला, चार बिऱ्हाडांत मिळून एक. संध्याकाळी गोळी घेतली की रात्री चार वेळा उठावं लागायचं, आणि गॅलरीतली फरशी कायम ओली. “पडले तर मुलाला सुट्टी काढून यावं लागेल,” एवढंच त्या म्हणाल्या.

जिना उतरताना मला वाटत राहिलं की आजी खोटं बोलल्या नव्हत्या. कृपा खरी होती आणि सूजही खरी होती. चूक आमची होती. पहिली गोष्ट ऐकून आम्ही दुसरी बघायची सोडून दिली.

वॉर्डात नव्या मुलींना मी एक गोष्ट सांगत असे. जो पेशंट ओरडतो त्याच्याकडे सगळे धावतातच, त्याची काळजी करू नका. जो ‘बरं आहे सिस्टर’ म्हणून भिंतीकडे तोंड करतो त्याचा चार्ट दोनदा बघा. मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांचा चार्ट आपण एकदासुद्धा बघत नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. उलट त्यांच्या ‘बरं आहे’वर आपण प्रवचनं करतो.

उतारवयात ख्रिस्तावरच्या विश्वासाने समाधान मिळतं का? मिळतं. मी ते पाहिलं आहे, थोडंफार चाखायलाही लागले आहे. मीही अडुसष्टची झाले. पण ते ज्याचं त्याने शिकायचं असतं. दुसऱ्याने ते म्हाताऱ्या माणसाकडे मागायचं नसतं. मुलांनी नाही, मंडळीने नाही, सरकारने तर नाहीच. आज पुण्यात मला दिसतं ते असं, की जे देणं लागतात तेच समाधानाचा उपदेश करतात.

या उपदेशाचं आवडतं वचन बायबलात, प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात आहे, चौथ्या अध्यायात. पौल म्हणतो, ज्या स्थितीत असेन तीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. भरपूर असणं मला ठाऊक आहे आणि उपाशी राहणंही ठाऊक आहे. मला बळ देणाऱ्याच्या योगे मी सगळं करू शकतो. यातलं शेवटचं, म्हणजे 13वं वचन तर नाताळात वाटल्या जाणाऱ्या निम्म्या कॅलेंडरांवर असतं. आजवर या उताऱ्यावर ऐकलेली बहुतेक प्रवचनं तिथेच थांबली. आमेन, आणि पुढचं गीत.

पत्र मात्र तिथे थांबत नाही. लगेच पुढच्या वचनात पौल म्हणतो, तरीही माझ्या अडचणीत तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत. मग देण्याघेण्याचा हिशेबच येतो. दुसऱ्या कुठल्याही मंडळीने पाठवलं नाही, तुम्हीच पाठवलंत. मी थेस्सलनीकात होतो तेव्हाही एकदा नव्हे, दोनदा पाठवलंत. आता एपफ्रदीताच्या हाती पाठवलेलं सगळं मिळालं, मी भरून पावलो. यातल्या ‘मिळालं’साठीचा मूळ ग्रीक शब्द व्यवहारात पावतीवर लिहीत तोच आहे. म्हणजे जगातलं समाधानाचं हे सगळ्यात गाजलेलं वचन आलं आहे ते आलेल्या मदतीची पोच देणाऱ्या पत्रात. लिहिणारा कैदेत आहे, ती मदत घेऊन आलेला माणूस वाटेत की पोचल्यावर मरणाच्या दारातून परत आला आहे, आणि लिहिणारा पैन् पै मोजून सांगतो आहे की मिळालं.

‘समाधानी’साठी पौलाने वापरलेला शब्दही स्टोइक तत्त्वज्ञांच्या घरचा. त्यांचा समाधानी माणूस तो, ज्याला कुणाचीच गरज नाही. पौलाने शब्द त्यांचा घेतला आणि पुढच्याच दमात आभार मानले. ज्याला कुणाची गरज नाही तो आभार कशाचे मानेल? फिलिप्पैच्या मंडळीने त्या काळी असा विचार केला असता की पौल कसाही समाधानी राहतो, मग कशाला माणूस धाडायचा, तर हे पत्र लिहिलंच गेलं नसतं. आपण नेमका तोच विचार करतो आणि वर ते पत्र वाचून दाखवतो.

आणखी एक शब्द नीट वाचावा: ‘शिकलो’. जन्मतः समाधानी होतो असं पौल म्हणत नाही. शिकायला वेळ लागतो, चुका होतात, मधे वर्ग बुडतो. पंचाहत्तरीची बाई नवरा गेल्यावर सहा महिने देवाशी भांडत असेल तर ती नापास झालेली नाही, ती शाळेत आहे. स्तोत्रकर्ता 71व्या स्तोत्रात म्हातारपणाच्या भीतीने सरळ गाऱ्हाणं घालतो, माझी शक्ती सरत चालली असताना मला टाकू नकोस म्हणून. पवित्र शास्त्रात ज्या गाऱ्हाण्याला जागा आहे त्याला आमच्या घरसभेत का नाही? साक्ष द्यायला उभी राहिलेली म्हातारी ‘गुडघे फार दुखतात आणि सून बोलत नाही’ असं म्हणाली की चारजणी खाली बघतात आणि पेटीवाला सूर धरतो. मग पुढच्या वेळी ती ‘देवाची कृपा’ म्हणते. तिलाही कळतं आम्हाला काय ऐकायचं आहे ते.

पुण्याला पेन्शनरांचं गाव म्हणत आले. आमच्यातले फार थोडे त्या अर्थाने पेन्शनर होते. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे 10 लाख 80 हजार, शंभरात एकही पुरता नाही. पुण्यातली मराठी ख्रिस्ती घरं बरीचशी नगर, जालना भागातून आलेली. कुणी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागलं, कुणी रेल्वेत, कुणी शाळेत, आणि आम्ही मुली दवाखान्यांत. कारखाना आणि रेल्वेवाल्यांना सरकारी पेन्शन मिळालं. खासगी ट्रस्टच्या शाळा-दवाखान्यांत हयात घालवलेल्यांचं मात्र अवघड. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनची किमान रक्कम 2014 साली 1,000 रुपये ठरली. एवढ्यात पुण्यात महिन्याच्या गोळ्याही येत नाहीत. श्रावणबाळ योजनेचे 1,500 रुपये आहेत. पण त्यातला केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाला 200 रुपये, हे ऐकल्यावर समाधानाचा उपदेश नेमका कोणाला करावा असा प्रश्न मला पडतो.

घरचं बोलायचं तर तिथे मर्काच्या शुभवर्तमानातला सातवा अध्याय वाचावा. येशू शास्त्र्यांवर चिडतो, कारण त्यांनी एक पळवाट काढली होती: तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं आहे, असं आईबापांना सांगितलं की त्यांच्यासाठी काही करायला नको. देवाला द्यायचं आहे म्हणून आईबापांना नाही. हे वाचताना मला नेहमी एक गृहस्थ आठवतात. दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला, काटेकोर, कापणीच्या सणाच्या लिलावात सगळ्यात मोठी बोली त्यांची, देवालयात (आमच्या चर्चमध्ये) दिलेल्या बाकांवर पितळी पट्टीवर नाव. आई गावाकडे भावाच्या ओसरीवर. तिच्या मोतीबिंदूचा विषय निघाला की म्हणायचे, “आई अगदी समाधानी आहे हो, तिला काही नकोच असतं.” त्या माउलीला काय हवं होतं हे तिच्या डोळ्यांना विचारायला हवं होतं. (बाकं मात्र चांगली आहेत. मीही त्यांवर बसते.)

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात चित्तसमाधानासह भक्ती हा मोठा लाभ असं म्हटलं आहे, हे सगळ्यांना पाठ. त्याच्याच आदल्या अध्यायात मुलानातवंडांनी आधी आपल्या घरच्यांचं ऋण फेडायला शिकावं असं सांगितलं आहे, आणि जो आपल्या माणसांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट, असंही. त्याच अध्यायात मंडळीने सांभाळायच्या विधवांची यादी करायला सांगितली आहे, आणि यादीत नाव घालायला वयाची अट साठ. आपल्या सरकारने ज्येष्ठ नागरिक ठरवायला जे वय धरलं तेच! यादी करायची कल्पना इतकी जुनी आहे, तरी आमच्याकडे ती नव्हती. सभासदवर्गणीची होती.

कायद्याचं एक सांगते, कारण आमच्या लोकांना ते सांगितलं जात नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा 2007चा कायदा सगळ्या धर्मांना लागू आहे. प्रांताधिकाऱ्यांपुढे अर्ज करता येतो, महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो, आणि ‘सांभाळीन’ या अटीवर घर नावावर करून घेऊन मग सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्दही होऊ शकतं. माझ्या ओळखीत एका बाईंची अगदी हीच परिस्थिती होती. अर्ज करा म्हटलं तर म्हणाल्या, “ख्रिस्ती माणसाने पोटच्या पोरावर अर्ज करायचा? क्षमा नको करायला?” मी त्यांच्याशी वाद घातला नाही. क्षमा त्यांची होती, करायची तर त्यांनीच. पण त्यांना तो सल्ला देणारे तिघंजण होते आणि त्यातल्या एकानेही त्यांच्या मुलाला जाऊन एक शब्द विचारला नव्हता, हे मला पचलं नाही.

माझ्या या बोलण्यावर आमच्याच मंडळीतल्या एका विचारी माणसाने आक्षेप घेतला आणि तो खोडून काढण्यासारखा नाही. ते म्हणाले, “सिस्टर, सगळं दिलं म्हणजे समाधान येतं का? कल्याणीनगरला माझा साडू राहतो. लिफ्ट आहे, रात्रंदिवस बाई आहे, अमेरिकेतून रोज फोन आहे. सकाळी उठल्यापासून जगाच्या नावाने खडे फोडतो. देवालय हे काही समाजकल्याण खातं नाही.” खरं आहे. कमोडची खुर्ची आणि गोळ्यांचा डबा दिला म्हणजे माणूस देवाजवळ जातो असं मी म्हणणार नाही. सोयींनी भरलेल्या घरात कडवट झालेली माणसं मीही ड्यूटीवर पुष्कळ पाहिली. पण त्यावरून असं निघत नाही की गैरसोय ठेवली म्हणजे भक्ती वाढेल. दुखण्याने रात्रभर जागी असलेली बाई प्रार्थना करते, ती बरीचशी सकाळ लवकर व्हावी म्हणून असते.

मग खरं समाधान कशाचं बनलेलं असतं? मला जे दिसलं ते सांगते, सिद्धांत नाही.

याच आजींच्या उशाखाली जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही आहे. तिच्यात नावं, मी मोजली, 61. पहाटे साडेचारला उठून त्या एकेका नावासाठी प्रार्थना करतात. नुसतं नाव घेऊन पुढे जात नाहीत, पाठपुरावा करतात. “त्या मुलाचं बारावीचं काय झालं गं? मी मार्चपासून लावून धरलंय.” हे त्यांचं काम आहे, आणि त्यात सुट्टी नाही. निवृत्त माणसाचं अर्धं दुखणं हे असतं की आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. आजींना खात्री आहे की त्यांच्यावाचून 61 जणांचं अडेल. त्या ‘काही कमी नाही’ म्हणतात त्यातला खरा भाग बहुधा हाच.

दुसऱ्या एक शिक्षिका. विसराळूपणा इतका वाढला की मुलीला ‘तुम्ही कोण’ विचारत. पेटीवर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पद सुरू झालं की मात्र दुसरं कडवं त्या आमच्याआधी उचलायच्या, एक शब्द न चुकता. गाणं संपलं की पुन्हा धुकं. त्या चार मिनिटांत चेहऱ्यावर जे असायचं त्याला मी समाधानच म्हणेन, पण त्यासाठी दर आठवड्याला कुणीतरी पेटी घेऊन धानोरीपर्यंत जायला हवं होतं. दोघं जायचे. पावसाळ्यातही.

आणि कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका. गावच्या जमिनीवरून सख्ख्या भावाशी 22 वर्षं अबोला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एसटीने एकटेच गेले आणि माफी मागून आले. भावाने माफ केलं नाही. दारातून पाणीसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं काका खचतील. ते म्हणाले, “माझ्याकडचं मी नेऊन दिलं, आता ओझं त्याच्याकडे.” यात थोडा खट्याळपणाही होता, तो मला आवडला. संत होण्याची त्यांची काही तयारी नव्हती.

पुस्तकांतून आमच्या पुढे ठेवलेल्या वडीलधाऱ्या बायकाही अशाच. पंडिता रमाबाई केडगावला अखेरच्या वर्षांत ऐकू येईनाशा झाल्या होत्या. 1921 साली मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. मधला काळ त्यांनी मराठी बायबलाच्या भाषांतरात घातला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पंधरा वर्षांमागे गेलेल्या नवऱ्याच्या खोड्या त्यात अशा सांगितल्या आहेत की वाचणारा हसून बेजार व्हावा. आणि तेच पुस्तक विश्वासाने काठोकाठ भरलेलंही आहे. या दोघींपैकी एकीलाही ‘तिला काही नकोच असतं’ असं म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

आजींच्या त्या घरभेटीनंतर मी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीला पत्र दिलं. मागणी साधी होती: पंचाहत्तरीच्या पुढच्या सभासदांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे चार रकाने. कितवा मजला, सोबत कोण, गोळ्या कोण आणतं, देवालयात शेवटचं कधी आले. खजिनदार म्हणाले, बजेट कुठाय? मी म्हटलं, यादीला बजेट लागत नाही, पेन लागतं. यादी झाली तेव्हा 43 नावं निघाली. त्यांतली 19 जण दोन वर्षांत देवालयात आलीच नव्हती, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना आम्ही मनातल्या मनात ‘घरी सुखी’ धरलं होतं. प्रत्यक्षात अकराजणांचं अडलं होतं ते जिन्यावर, किंवा आमच्या देवालयाच्या सहा पायऱ्यांवर. नव्या साउंड सिस्टीमचे पैसे त्या वर्षापुरते बाजूला ठेवायचं ठरलं. मतं घ्यावी लागली. एकमताने झालं असं खोटं सांगणार नाही. तरुण संघ अजून माझ्याशी जरा फटकूनच आहे.

आजींच्या डॉक्टरांनी गोळी सकाळची करून दिली. कमोडची खुर्ची आणली तेव्हा आजी भडकल्या. “बायबलाच्या शेजारी हे ठेवणार?” मग बायबल खिडकीत गेलं. आठ दिवसांनी घोट्याची हाडं दिसायला लागली.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, तरुण संघाच्याच चार पोरांनी त्यांना लाकडी खुर्चीत बसवून तो जिना उतरवला. मी पुढे, कठड्याला कुणी हात लावू नये म्हणून. प्रत्येक वळणावर आजींचा आवाज खालपर्यंत येत होता: “हळू रे मेल्यांनो, मी काय सिलिंडर आहे?” दुसऱ्या मजल्यावर त्यांनी खुर्ची थांबवायला लावली. चौघांतल्या एकाला नाव विचारलं, त्याची नोकरी लागली का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर मला म्हणाल्या, “सिस्टर, वही वर राहिली. याचं नाव लक्षात ठेव, संध्याकाळी लिहायचंय.”